पार नसलेलं पाणी

आमच्या घरात सुनेनं मोठ्या सासऱ्यांसमोर, म्हणजे मोठ्या मामाजींसमोर, बोलायचं नाही असा रिवाज होता. कमी बोलायचं असं नव्हे, एक अक्षरही बोलायचं नाही. त्यांना पाणी हवं असलं की ते भिंतीकडे तोंड करून ‘पानी’ म्हणत, आणि मी पदर पुढे ओढून तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागे सरत असे. पण वाचणं म्हणजे बोलणं नव्हे, अशी एक पळवाट त्या रिवाजात होती. मी मराठी सातवी पास झालेली. त्यामुळे घरात कागद आला की दाराआड बसून तो मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे. नोटिसा, सोयऱ्यांची पत्रं, पंचांगातला मुहूर्त. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि मोठ्या मामाजींनी तोवर माझा आवाज ऐकला होता तो फक्त दुसऱ्यांनी लिहिलेल्या शब्दांत.

त्याच पळवाटेतून एकदा मी माझं स्वतःचं वाक्य बाहेर काढलं. पकडली गेले असते तर काय झालं असतं ते आजही नीट सांगता येत नाही. तेव्हा मात्र मला खात्री होती की माझी माहेरी रवानगी होईल.

तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता आणि नवे पैसे अजून यायचे होते. कुडव्याला आमचं घर, घरामागे धानाची शेती आणि गोंदियाच्या बाजारात तांदळाचं दुकान. घरात माणसं चार. मोठे मामाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. बायको वारलेली, मूलबाळ नाही, घराचे कर्ते. माझे सासरे मी यायच्या आधीच गेले होते. त्यांच्या मागे माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हणत असे. आणि माझा नवरा. त्याला इथे ‘तो’ लिहिते आहे. समोर म्हणायची माझी छाती नव्हती. आत्याबाईंनाही मोठ्या मामाजींशी बोलायची मुभा नव्हती, कारण नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि भासऱ्यापुढे तर उघडं डोकंही दिसू द्यायचं नाही. तीस वर्षं दोघं एका चुलीवरचं जेवत होती आणि एकमेकांशी एक शब्द बोललेली नव्हती. काय सांगायचं असेल ते माझ्या नवऱ्यामार्फत. तो आमच्या घरातला डाकिया होता, फक्त निम्मी पत्रं वाटेतच हरवायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर आत्याबाई दारांना धडकू लागल्या. समोरचं दिसे, बाजूचं दिसेना. नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, बराच पुढे गेलेला. बाजूंनी अंधार आत सरकत येतो आणि शेवटी मधलंही बुजतं. किती दिवस, असं नवऱ्यानं विचारलं. ते सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. काही बघायचं राहिलं असेल तर लवकर बघून घ्या.

परतीच्या गाडीत आत्याबाई मला म्हणाल्या, "मले समुद्र पाहाचा हाये."

हे खूळ त्यांच्या डोक्यात नागऱ्याच्या जत्रेत शिरलं होतं. शिवरात्रीला तिथे रामेश्वर करून आलेली एक म्हातारी भेटली. ती सांगत होती की तिथल्या पाण्याला पार नाही. तलावाच्या बांधाला आमच्याकडे पार म्हणतात. आत्याबाईंचं माहेर बोदलकशाचं, तलावाच्या पारीवर खेळून वाढलेली बाई. "पार नाही असं पानी असते काय? तुले दिसली नसन," असं त्यांनी म्हातारीला भर जत्रेत सुनावलं. म्हातारी म्हणाली, जाऊन पाहा. दोन वर्षं त्यांनी ते मनात धरून ठेवलं होतं. लोक रामेश्वराला पुण्यासाठी जातात. माझी सासू भांडण जिंकायला निघाली होती.

मोठ्या मामाजींनी यात्रेला एका दिवसात होकार दिला. त्यांचा हेतू वेगळा होता. रामेश्वराच्या देवळात बावीस कुंडं आहेत आणि त्यांच्या पाण्यानं दुखणी जातात, असं त्यांनी ऐकलं होतं. भावजयीचे डोळे वाचवायचे होते त्यांना. हे मी आता समजुतीनं लिहिते आहे. तेव्हा मला ते नुसते आडवे येणारे म्हातारे वाटत होते.

धान चुरून-मळून झालं होतं, शेतात लाखोळीचं पीक हिरवं होतं, पंधरा दिवस मोकळे होते. त्यातले निम्म्याहून जास्त जाण्यायेण्यात जाणार. प्रत्यक्ष बेटावर मिळणार चार दिवस. रामेश्वर हे बेट आहे हे मला पुस्तकातून कळलं, आणि बेटावर राहायला जायचं या नुसत्या विचारानं मी भाजीत दोनदा मीठ घातलं. त्या चार दिवसांत काय काय पाहायचं ते ठरवायला एका दुपारी ओसरीत बैठक बसली. नवऱ्यानं बाजारातून यात्रेचं एक हिंदी पुस्तक आणलं होतं, पिवळ्या कागदाचं, पातळ. मोठे मामाजी बाहेर बाजेवर, नवरा उंबऱ्यावर पाटी-पेन्सिल घेऊन, मी दाराआड, आणि माझ्या पाठीशी आत्याबाई.

मी वाचायला लागले. बाजारातली हिंदी मला मराठीइतकीच येई, पण छापील हिंदीचं तसं नव्हतं. ‘तत्पश्चात’, ‘स्नानोपरांत’ असले शब्द आले की मी दगडाला चाक अडलेल्या खासरासारखी अडत होते. बाहेरून मोठे मामाजी एकेक ठरवत गेले. देऊळ आणि बावीस कुंडं, दोन दिवस. रामझरोखा, लक्ष्मणतीर्थ आणि आजूबाजूचं, एक दिवस. देवळासमोरच्या समुद्रात रोज सकाळी स्नान. मग आलं धनुष्कोडी. बेटाचं टोक, जिथे दोन समुद्र मिळतात, एक शांत आणि एक खवळलेला; तिथे सेतू, तिथलं स्नान.

"पुरा दिवस जाते तिथं," मोठे मामाजी म्हणाले. "राहू दे. समुद्र तं मंदिरासमोरही हाये. तो दिवस कुंडांले दे."

नवऱ्यानं बोटाला थुंकी लावून पाटीवरचं नाव पुसलं.

पण देवळासमोरचा समुद्र कसा आहे तेही मी दोन पानं आधी वाचलं होतं. ‘सरोवर की भाँति शांत’. ते वाचलं तेव्हा मागून आत्याबाई पुटपुटल्या होत्या, "तलाव पाहाले तितक्या दूर कायले जाऊ? बोदलकसा काय वाईट हाये?" ते बाहेर कुणाला ऐकू गेलं नव्हतं. जायचंही नव्हतं.

मला राग आला. जिचे डोळे जाणार होते तिला कुणी विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तरी उत्तर द्यायची तिला परवानगी नव्हती. दिवेलागणीनंतर आत्याबाईंना आता स्वतःचा हात दिसत नसे. अशा बाईला तीन-चार दिवस अंधाऱ्या गाभाऱ्यांतून आणि ओवऱ्यांतून फिरवणार, आणि लख्ख उजेडातली जी एकच जागा होती ती थुंकीनं पुसलेली. माझं बोट पुस्तकावरच होतं. मी तसंच वाचत राहिले.

"सेतु में स्नान किए बिना जो यात्री रामेश्वर का दर्शन करता है, उसको यात्रा का आधा ही फल मिलता है।"

पुस्तकात असं काहीही नव्हतं. त्या जागी धर्मशाळांची यादी होती.

"आधा?" मोठे मामाजी म्हणाले. मग बाज करकरली. "लिही मंग. पयल्या दिवशी सेतू."

मी त्या पानाचा कोपरा दुमडला आणि पुस्तक मिटलं. कोपरा का दुमडला ते विचारू नका. चोर आपल्याच वाटेवर खूण ठेवून जातो तसलाच प्रकार.

त्यानंतरचे दिवस मी भीतीत काढले. एक तर देवाच्या नावानं खोटं, तेही पुस्तकाच्या तोंडून. दुसरं, मी वाचताना मनाचं घालते हे एकदा कळलं की माझ्या हातात पुन्हा कुणी कागद देणार नव्हतं, आणि त्या घरात मला तेवढाच आवाज होता. पण सगळ्यांत वाईट तिसरं होतं. कुंडांचा एक दिवस मी कापला होता. मला त्या कुंडांवर तितका विश्वास नव्हता, पण अजिबात नव्हता असंही नाही. त्याच एका दिवसाच्या पाण्यानं डोळे राहिले असते तर? या प्रश्नाचं उत्तर देणारं पुस्तक बाजारात नव्हतं.

नागपूरहून मद्रासची गाडी धरली. ती मद्रासला इतक्या उशिरा पोहोचली की दुसऱ्या स्टेशनातून सुटणारी पुढची गाडी गेलेली होती. एक दिवस धर्मशाळेत गेला. चाराचे तीन राहिले. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या मोठे मामाजी नवऱ्याला म्हणाले, "आता तीनच दिवस हायेत. सेतूचं काय करावं ते पाहा लागन. ते पुस्तक काढ. नेमकं काय लिहून हाये ते तू वाच."

तू वाच. नवरा चौथीपर्यंत शिकलेला होता, वाचायचा त्याला कंटाळा होता, पण वाचता येत होतं. पुस्तक आत्याबाईंच्या गुडघ्याजवळ शिदोरीच्या टोपलीत होतं. सुदैवानं माझा नवरा उपाशीपोटी कोणतंही काम करत नसे.

"जेवून घेऊ, मंग वाचतो," तो म्हणाला.

त्याच्या भुकेनं मला थोडा वेळ दिला आणि त्या वेळाचं काय करायचं ते मला सुचेना. पुस्तक हरवलं म्हणावं तर ते टोपलीत दिसत होतं. खिडकीतून टाकावं तर समोर सहा माणसं. मी घाम पुसत बसले. आत्याबाईंनी टोपली मांडीवर घेतली आणि चाचपडत तिखट पुऱ्या आणि लोणचं काढायला सुरुवात केली. पळसाच्या पत्रावळी मद्रासलाच संपल्या होत्या. आत्याबाई काढून देत, नवरा पुढे देई. कागद फाटल्याचा आवाज आला तेव्हाही माझं लक्ष नव्हतं. मोठ्या मामाजींच्या हातात पुऱ्या गेल्या तेव्हा मी पाहिलं. पुऱ्यांखालचा कागद पिवळा होता आणि त्याचा एक कोपरा दुमडलेला होता.

मोठ्या मामाजींनी सावकाश पुऱ्या खाल्ल्या, लोणच्याची बोटं त्याच कागदाला पुसली, कागद चुरगळला आणि खिडकीबाहेर टाकला.

हात धुऊन नवऱ्यानं पुस्तक उघडलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "सेतूचं पान नाही," तो म्हणाला. मग त्याची नजर त्याच्या स्वतःच्या पुरीखालच्या पिवळ्या कागदावर गेली.

मोठ्या मामाजींनी दोन्ही कान धरले. देवाचं पुस्तक, आणि त्यावर ते जेवले होते. त्यांचा चेहरा उतरला आणि मग रागावला. "तिले म्हन," ते नवऱ्याला म्हणाले, आणि डब्यातल्या सगळ्यांना ऐकू गेलं, "दिसत नाही तं दिसत नाही म्हना लागते. कशालेही हात लावाच्या आधी इचारा लागते."

आत्याबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. त्यांच्या तोंडावर कुणी त्यांना आंधळी म्हणण्याची ती पहिली वेळ. मला त्यांची दया आली. पण दयेच्या आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज मला बरीच वर्षं पुरली. त्यांच्या डोळ्यांनी मला वाचवलं असं मी धरून चालले.

"पंड्याले इचारू," मोठे मामाजी शेवटी म्हणाले. म्हणजे मी वाचलेच नव्हते.

समुद्रावरच्या पुलावर गाडी चढली तेव्हा नुकतं फटफटत होतं. मी खिडकीतून खाली पाहिलं आणि पाणीच पाणी पाहून घाबरले. "दिसते काय?" मी आत्याबाईंना विचारलं. "गाडीचा आवाज बदलला एवढं समजलं," त्या म्हणाल्या. त्या कमी उजेडात त्यांच्यापुढे काही नव्हतं. मी त्यांचा हात धरला. तो थंड होता. महिन्याभरापूर्वी एवढ्या उजेडात त्या तांदूळ निवडत असत.

पूल ओलांडला की पांबनचं स्टेशन. तिथे वाट फुटते. रामेश्वराला जायला गाडी बदलायची. आमची गाडी तशीच पुढे धनुष्कोडीला जाणार होती. मोठे मामाजी वळकटी घेऊन खाली उतरले.

"उतरा. आधी कुंडं."

नवराही ट्रंक घेऊन उतरला. मी आत्याबाईंना धरून डब्याच्या दारात उभी राहिले. उतरले तर समुद्र गेला. न उतरावं तर काय म्हणून? आत्याबाईंचा हात दाराच्या दांड्यावर घट्ट होता, त्या एक पायरी खाली येईनात. तेवढ्यात जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक पंडा आमच्याकडे आला, गाव-गोत्र विचारू लागला. मोठ्या मामाजींनी त्याला मध्येच थांबवलं.

"पहले सेतु, कि पहले दर्शन?"

आता हा हसणार, आणि म्हणणार की असं कुणी सांगितलं?

"पहले सेतु, महाराज," पंडा म्हणाला. दिवसातून शंभरदा सांगायची गोष्ट सांगावी तसा म्हणाला. "सेतु-स्नान, फिर अग्नितीर्थ, फिर बाईस कुंड, फिर दर्शन. विधि तो यही है."

मला आपल्या कानांवर विश्वास बसेना. कुडव्याच्या दाराआड मी रागानं रचलेलं वाक्य या माणसाला तोंडपाठ होतं. इंजिनानं शिट्टी दिली. मोठे मामाजी वळकटी काखेत घेऊन उभे होते, एकदा त्यांनी रामेश्वराच्या गाडीकडे पाहिलं, आणि मग वळकटी आमच्या डब्यात परत फेकली. मी दारातच खाली बसले.

"काऊन? चक्कर आली काय?" नवरा म्हणाला.

धनुष्कोडीला पोहोचलो तोवर ऊन लख्ख पडलं होतं. स्टेशनापासून वाळूतून बरंच चालायचं होतं. पाय रुतत होते, वारा लुगडी ओढत होता, आणि आत्याबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की संध्याकाळपर्यंत वळ होते. डाव्या हाताचं पाणी संथ होतं. त्या थांबल्या, मान वळवून पाहिलं.

"हा तं बोदलकसाच," त्या म्हणाल्या.

मला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. एवढं खोटं, एवढी भीती, आणि दिसला काय तर बोदलकसा. मी त्यांना वाळूच्या चढावरून उजवीकडे नेलं. आधी आवाज आला, मग तो दुसरा समुद्र.

त्यांना आता बांबूच्या पोकळ नळीतून पाहावं तेवढंच दिसत होतं, एका वेळी एक तुकडा. त्यांनी अगदी डावीकडून सुरुवात केली. मान हळूहळू उजवीकडे नेत गेल्या, हरवलेली म्हैस पारीवर शोधावी तशा, कुठे न थांबता. शेवटाला पोहोचल्या आणि तशाच उलट्या परत आल्या. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी माझं मनगट सोडलं आणि चालू लागल्या.

"थांबा, आत्याबाई," मी म्हटलं.

त्या तलावात शिरावं तशा शिरल्या, सरळ, बिनधास्त. तलावाचं पाणी आपण शिरेपर्यंत वाट पाहतं. हे पाणी वाट पाहत नव्हतं. लाट त्यांच्या छातीवर आदळली, त्या बसल्या, आणि परत जाणाऱ्या पाण्यानं त्यांना वाळूवरून ओढत नेलं. मी धावले तर माझंच लुगडं पायात आलं.

"मागं सर बाई, मागं सर."

तो आवाज मोठ्या मामाजींचा होता. धोतरासकट ते मांड्यांपर्यंत पाण्यात गेले होते, हात पुढे केलेला, पण धरायला बिचकत होते. मी पोहोचले, काखेत हात घातला, दुसऱ्या बाजूनं नवरा आला. आत्याबाई उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर पाण्यात पडला होता, केस सुटले होते, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्या भासऱ्यासमोर उघड्या डोक्यानं उभ्या होत्या. पदराला त्यांनी हातही लावला नाही. पाण्याकडे पाहत त्या मोठ्यानं म्हणाल्या,

"पार नाही."

मोठ्या मामाजींनी समुद्राकडे पाहिलं. त्यांनीही तो त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिला होता.

"नाही," ते म्हणाले.

त्या दोघांचं आयुष्यातलं बोलणं एवढंच. नंतर मी पदर उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि सगळे पुन्हा आपापल्या जागी गेले. आत्याबाई दुपारपर्यंत तिथे वाळूत बसून राहिल्या. नवरा दोनदा म्हणाला की गाडी जाईल. मोठे मामाजी दोन्ही वेळा म्हणाले, "बसू दे तिले."

पुढे देऊळ झालं, कुंडं झाली. बावीसच्या बावीस बादल्या आत्याबाईंच्या डोक्यावर ओतल्या गेल्या आणि मोठ्या मामाजींनी प्रत्येक कुंडावर पंड्याला सांगितलं की अजून एक ओत. पुढच्या दिवाळीला पणत्या लावल्या तेव्हा आत्याबाईंनी विचारलं की लावल्या का. तेव्हा आम्हाला कळलं.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी, एका दुपारी, आम्ही दोघी आत वालाच्या शेंगा सोलत होतो. त्या बोटांनीच माझ्यापेक्षा भरभर सोलत. मोठे मामाजी ओसरीत बाजेवर झोपले होते. आता ते फार उठत नसत. मला ते सगळं सोसवेना म्हणून मी बोलून टाकलं.

"आत्याबाई, ते सेतूचं पुस्तकात नव्हतं. मी मनानं सांगितलं होतं."

"माहीत हाये," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तू छापलेली हिंदी अडखळत वाचते. तेवढंच सरसर वाचलं. मंग पानाचा कोपरा मोडला, तोही आयकू आला मले. गाडीत बोटाले लागला तो कोपरा. फाडलं."

"तुमी जानून फाडलं?"

"नाही तं काय. दिवसाउजेडी तवा मले बरंच दिसत होतं."

आणि त्या अपमान गिळून खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी म्हटलं, "पन पंड्यानं तं तेच सांगितलं. ते खरंच निघालं."

"ते मागून समजलं. फाडलं तवा मी खोटंच समजून फाडलं." त्यांनी दाणे सुपात टाकले. "मले समुद्र पाहाचा होता."

राहिलेलंही मग मी सांगितलं, की कुंडांचा एक दिवस मी खाल्ला, आणि त्या दिवसानं कदाचित डोळे राहिले असते. त्या हसल्या. "त्या पंड्याचा चष्मा आठवते? तांब्याच्या बुडाएवढे भिंग. तो तं रोज त्या कुंडावर राहाचा." मग म्हणाल्या, "पुस्तक हाये काय अजून?"

होतं. पंचांगांच्या गठ्ठ्यात. मी आणलं आणि पहिल्यापासून वाचू लागले, पूर्वीसारखीच अडखळत. देऊळ, कुंडं, रामझरोखा. मग फाटलेली जागा आली आणि मी थांबले.

"काऊन थांबली?"

"इथून पानं नाहीत."

"तुले तं दिसला होता पुरा. सांग न तुह्या मनानं."

मी दाराकडे पाहिलं. बाहेर बाज होती. वाचणं आणि बोलणं यांतला फरक त्या घरात कुणालाही कळत होता. तरी मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि नेहमीच्या वाचायच्या आवाजात सुरुवात केली, की स्टेशनावर उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं, वाळू पांढरी होती, वारा लुगडी ओढत होता.

बाहेर बाज करकरली. मोठे मामाजी जागे होते; किती वेळापासून, ते मला आजवर कळलेलं नाही. आता बोलणी ऐकावी लागणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"पार नव्हती," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ते पयले सांग."